डी. ओ. : एका शल्यविशारदाच्या शिक्षणाची हकिकत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या हातातील कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली ‘अस्थिरोगतज्ज्ञ, अमेरिका’ असे छापले आहे. समितीला मी दोष देत नाही. माझ्या पदवीचे नाव ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’, आणि ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड हे आठवीच्या शास्त्राच्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा कोणीही हाच अर्थ काढील. प्रत्यक्षात मी हाडांचा डॉक्टर नाही. पित्ताशय, आतडी, अंतर्गळ, स्तनातील गाठी, अपघातात फुटलेली प्लीहा यांवर शस्त्रक्रिया करणारा मी एक सामान्य शल्यविशारद आहे. ‘सामान्य’ हा शब्द जनरल सर्जरीतला. त्यात विनय शोधू नये.

हा घोटाळा मला नवा नाही. २००३ साली मिशिगनमधून फोन करून मी घरी सांगितले, की मला डी. ओ.च्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अत्यानंद झाला. आपल्याकडे डॉक्टरांच्या नावापुढे ‘डी. ओ.’ असले तर तो नेत्रविकाराचा डिप्लोमा असतो. नानांनी डांडिया बाजारात सगळीकडे सांगून टाकले, की मुलगा डोळ्यांचा डॉक्टर होणार. पुढच्या खेपेस मी बडोद्याला आलो, तेव्हा वाड्यातील तीन म्हाताऱ्या चष्मे घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी अस्थींचाही नाही आणि नेत्रांचाही नाही, हे सांगितल्यावर नानांचा चेहरा पडला. “मग डॉक्टर आहेस की नाही?” एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मी त्यांना कधी नीट देऊ शकलो नाही. आज ते आपल्यासमोर देतो.

१९८८ साली मी या शाळेतून दहावी झालो. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला. ज्या घरात असे घडले असेल त्या घराला त्या जून महिन्याचे वर्णन करून सांगायला नको. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतले, एम. एस्सी. झालो, औषधांच्या कारखान्यात नोकरी केली आणि १९९६ साली पुढील शिक्षणासाठी मिशिगनला गेलो. शिक्षण संपल्यावर एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागलो. रात्रपाळीला जंतूंच्या तबकड्या पाहायच्या आणि अहवाल वर पाठवायचा, हे माझे काम होते.

त्या रुग्णालयात एक सर्जन होते. कागदावरील अहवालावर त्यांचे समाधान होत नसे. शस्त्रक्रियेच्या टोपीसकट ते तळघरात उतरत आणि “दाखवा, काय उगवले आहे” म्हणून स्वतः पाहत. त्यांच्या कोटावर नावापुढे डी. ओ. होते. मीही नानांसारखाच फसलो आणि डोळ्यांचा डॉक्टर पोट कसे उघडतो, असे त्यांना विचारून बसलो. ते हसले. मग खुर्ची ओढून त्यांनी मला ज्या माणसाची कथा सांगितली, तो माणूस होता अँड्र्यू टेलर स्टिल.

स्टिल यांचा जन्म १८२८ सालचा. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात ते डॉक्टरी करीत होते. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले गेली. घरात डॉक्टर आले, औषधे झाली, प्रार्थना झाल्या आणि मुले गेली. त्या काळची औषधे म्हणजे पारा, अफू आणि मद्य. रोगाने न मेलेला रोगी उपचाराने मरावा अशी स्थिती. त्या चिकित्सेवरून स्टिल यांचा विश्वास उडाला. शरीराची रचना नीट जाणावी, हाडे, स्नायू आणि रक्तप्रवाह यांतील अडथळे हातांनी दूर करावेत आणि बाकीचे काम शरीराकडे सोपवावे, असा विचार त्यांनी १८७४ पासून मांडायला आरंभ केला. १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहान गावी त्यांनी शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही घेतले. स्टिल यांना औषधांचा राग होता, चाकूचा नव्हता. त्यांच्या शाळेच्या सनदेतच शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र सुधारण्याचा उद्देश लिहिलेला होता. पुढे विसाव्या शतकात औषधशास्त्रही त्यांच्या अनुयायांच्या अभ्यासक्रमात रीतसर आले. ब्रिटनमध्ये मात्र हाच शब्द वेगळ्या वाटेने गेला. तेथील ऑस्टिओपॅथ हा १९९३ च्या कायद्याने मान्यता मिळालेला हस्तोपचारक आहे. तो औषध लिहून देत नाही आणि शस्त्रक्रिया करीत नाही. गोंधळाचे निम्मे मूळ येथे आहे. अमेरिकेतील डी. ओ. पूर्ण वैद्य असतो, ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ नसतो.

पूर्ण वैद्य असूनही त्याला पंक्तीला बसवायला अमेरिकेने फार वेळ लावला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने डी. ओ. मंडळींना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले नाही. इतर डॉक्टर आघाडीवर गेले, हे मागे राहिले आणि गावोगावच्या लोकांनी यांनाच दार ठोठावले. नाकारल्याचा असा फायदा झाला. इतर रुग्णालये शिरू देत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची रुग्णालये बांधली आणि त्यांत आपले सर्जन आपणच तयार केले. मिशिगनमध्ये अशी रुग्णालये पुष्कळ होती. लष्कराचे दार १९६६ साली उघडले.

कॅलिफोर्नियातील प्रकार तर कादंबरीत शोभावा असा. तेथे १९६२ च्या सुमारास दोन्ही पंथांच्या संघटनांनी तह केला. डी. ओ. मंडळींचे महाविद्यालय एम. डी.चे झाले आणि सुमारे दोन हजार डी. ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम. डी. ही पदवी मिळाली. ज्ञान तेच, हात तेच, रुग्णही तेच. ६५ डॉलरांत अक्षरे तेवढी बदलली. नव्या डी. ओ.ला मात्र त्या राज्यात परवाना मिळेना, तो १९७४ साली न्यायालयाच्या निकालाने मिळू लागला. हा किस्सा मी नानांना फोनवर सांगितला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “आता ती सोय राहिली नाही का रे?”

त्यांना मी तेव्हा आनंदीबाई जोशी यांची आठवण करून दिली. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, ते स्त्रियांसाठी स्वतंत्र काढावे लागले होते, कारण इतर दारे त्यांना बंद होती. आनंदीबाईंच्या पदवीला आपण कधी दुय्यम म्हटले का, असे मी विचारले. नाना म्हणाले, “आनंदीबाईंना बारावीला दोन गुण कमी नव्हते पडले.” वकिलीत नानांचे नाव झाले असते.

हे प्रयोगशाळेतील संभाषण झाले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. दिवसा वर्गात बसून मी पदार्थविज्ञान आणि सेंद्रिय रसायन त्या देशाच्या रीतीने पुन्हा शिकलो आणि एम-कॅट ही प्रवेशपरीक्षा दिली. तिच्यातील इंग्रजी उताऱ्यांनी मला रडवले, हे मराठी शाळेतील मुलांच्या पालकांपुढे मी मुद्दाम कबूल करतो. पहिल्या प्रयत्नात तो भाग कच्चा राहिला. दुसऱ्या प्रयत्नापूर्वी वर्षभर रोज एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत लिहिला. आपल्या शाळेत सारांशलेखनाला पाच गुण असत आणि आम्ही ते कंटाळत लिहीत असू. एम. डी. आणि डी. ओ. या दोन्हींकडे मी अर्ज केले. बोलावणे डी. ओ.कडून आले. डी. ओ. महाविद्यालये वयाने मोठ्या आणि दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्या विद्यार्थ्यांकडे अधिक आपुलकीने पाहत, हे खरे. तसेच माझे गुण एम. डी.ला पुरे पडले नाहीत, हेही खरे. पुष्कळजण यांतले एकच सांगतात.

चार वर्षांचा अभ्यास एम. डी.सारखाच असतो. शवविच्छेदन, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधे, मग दोन वर्षे रुग्णालयातील फिरते काम. त्याखेरीज सुमारे दोनशे तास हातांचे शिक्षण. त्या वर्गात उंच लाकडी बाके असतात. विद्यार्थी जोडीजोडीने एकमेकांची पाठ, मान, बरगड्या हातांनी तपासतात. आज जो तपासतो तो उद्या बाकावर आडवा होतो. पहिल्या आठवड्यात आम्हांला एक साधा प्रयोग दिला होता. डोक्याचा केस टेलिफोनच्या डिरेक्टरीच्या एका पानाखाली ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. मी पहिल्या दिवशी तीन पानांवर थांबलो. वर्गातील एक मुलगी, जी पूर्वी केशकर्तनालयात काम करीत होती, ती कितीतरी पुढे गेली. स्पर्श उपजत असतो असे मी समजत होतो. तो पाढ्यांसारखा घोकावा लागतो.

तिसऱ्या वर्षी मला एका गावातील दवाखान्यात पाठवले. एक सत्तरीचे शेतकरी कंबरदुखी घेऊन आले. आठवडाभर दुखत होते. नांगराचा जड भाग उचलल्याचे निमित्त सांगत होते. मी नुकताच पाठ मोकळी करण्याच्या युक्त्या शिकलेला. हात शिवशिवत होते. त्यांना कुशीवर वळवणार तोच मागून आमच्या गुरूंचा आवाज आला, “आधी पोट पाहिलेस का?” मी पाहिले नव्हते. त्यांना पाठीवर निजवले, गुडघे दुमडायला लावले आणि बेंबीच्या वर हात ठेवला. पोटाखाली काहीतरी ठोके देत होते. नुसते वरखाली नव्हे. दोन्ही बाजूंना ठेवलेल्या माझ्या बोटांना ते प्रत्येक ठोक्याला एकमेकांपासून दूर ढकलत होते. महाधमनीला फुगा आला होता. तपासणीत तो सात सेंटिमीटरांचा निघाला. पुरुषांमध्ये साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार करतात. मी दोन मिनिटे घाई केली असती तर त्या कंबरेला माझ्या विद्येचा पिळा दिला असता. पुढे काय झाले असते याचा विचार मी आजही सहसा दिवसा करतो, रात्री करीत नाही.

त्याच दिवशी त्यांना शहरात हलवले. गुरूंनी मला सोबत धाडले आणि सर्जननी आत उभे राहू दिले. माझे काम एकच, आतडी बाजूला धरून ठेवण्याचे. चार तास रिट्रॅक्टर धरून माझी बोटे बधिर झाली. सर्जननी धमनीला चिमटा लावला, फुगा उघडला, आत कापडी नळी शिवली आणि चिमटे एकेक करून सोडले. पांढरी नळी तांबडी झाली आणि पायांत नाडी परत आली. हाताने जे अंधारात चाचपले होते ते उजेडात डोळ्यांनी पाहायला मिळाले. परतताना गाडीत मी ठरवून टाकले होते.

ठरवणे माझ्या हाती होते, जागा मिळणे नव्हते. अमेरिकेत पदवीनंतर रेसिडेन्सी केल्याखेरीज सर्जन होता येत नाही, आणि जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची असते. एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यालयात मी फोन केला. पलीकडील बाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, “आम्ही डी. ओ.चे अर्ज उघडत नाही.” उघडत नाही, म्हणजे वाचून नाकारत नाहीत. मी आभार मानले आणि फोन ठेवला. त्या काळी दोन्ही पंथांच्या जागावाटपाच्या सोडती वेगळ्या होत्या. डी. ओ.ची सोडत आधी, फेब्रुवारीत. तीत नाव लागले की एम. डी.च्या मार्चमधील सोडतीतून माघार घ्यावी लागे. मी पहिल्या सोडतीला उभा राहिलो आणि डी. ओ. मंडळींनी स्वतः बांधलेल्या जुन्या रुग्णालयांपैकी एकात लागलो. ज्यांना कोणी आत घेतले नाही त्यांनी बांधलेल्या इमारतीत मी सर्जन झालो, याची जाणीव मला त्या पाच वर्षांत रोज होती, असे म्हटले तर खोटे ठरेल. रोज जाणीव असे ती झोपेची. पहाटे साडेचारला फेरी सुरू. आठवड्याला ८० तासांची मर्यादा होती आणि आम्ही तिला ‘किमान ८०’ म्हणत असू.

रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षी नाना गेले. निरोप आला तेव्हा मी शस्त्रक्रियागृहात होतो. सोबत्यांनी पाळ्या वाटून घेतल्या, तरी बडोद्याला पोहोचायला तिसरा दिवस उजाडला. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून येथे सांगतो. समाचाराला आलेल्या शेजारच्या आजोबांनी निघताना खिशातून डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढून माझ्यापुढे धरली. “नाना सांगायचे, तू आलास की दाखवा म्हणून.” एरवी मी समजावत बसलो असतो. त्या दिवशी बाटली हातात घेतली, त्यावरील अक्षरे वाचली, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या म्हणून परत दिली.

आता ज्या पालकांनी सकाळी चहाच्या वेळी मला गाठले, त्यांच्यासाठी आजची स्थिती सांगतो. माझ्या वेळच्या दोन सोडती आता नाहीत. रेसिडेन्सीच्या मान्यतेचे दोन वेगळे कारभार २०१५ ते २०२० या काळात एकत्र झाले आणि आज एम. डी. व डी. ओ. एकाच सोडतीत बसतात. सध्या अमेरिकेत वैद्यक शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांमागे सुमारे एक डी. ओ.चा आहे. तेव्हा दार उघडले, हे खरे. पण दार दोन्ही बाजूंनी उघडते. पूर्वी शस्त्रक्रियेच्या ज्या जागा केवळ डी. ओ.साठी होत्या, त्या आता सर्वांसाठी खुल्या आहेत आणि लहान रुग्णालयांतील काही अभ्यासक्रम त्या संक्रमणात बंदही पडले. डी. ओ.च्या विद्यार्थ्याला कॉमलेक्स ही आपली परीक्षा द्यावीच लागते. शस्त्रक्रियेकडे जायचे असेल तर बहुतेकजण एम. डी.ची यू. एस. एम. एल. ई. हीसुद्धा देतात. म्हणजे दुप्पट परीक्षा आणि दुप्पट शुल्क. २०२२ पासून दोन्हींच्या पहिल्या टप्प्यात गुण न देता केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण कळवतात, त्यामुळे सारा भार दुसऱ्या टप्प्यावर पडला आहे. रेसिडेन्सी पूर्ण होईपर्यंत किमान ८५० शस्त्रक्रिया नोंदवहीत लागतात. शिक्षणाचे कर्ज लाखो डॉलरांत जाते. माझे मी पन्नाशीला फेडले. येथून थेट बारावीनंतर हा मार्ग नाही, आधी पदवी लागते, आणि तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्याला तेथील सरकारी कर्ज मिळत नाही. एजंट काही वेगळे सांगत असेल तर त्याला पैसे देण्यापूर्वी महाविद्यालयाला स्वतः पत्र लिहा.

स्टिल यांचे सर्वच मला पटते असेही नाही. हस्तोपचाराचा कंबरदुखीत उपयोग होतो, हे मी पाहिले आहे. पण कवटीच्या हाडांना एक सूक्ष्म लय असते आणि ती बोटांना कळते, असेही आम्हांला शिकवले गेले. मला ती कधी कळली नाही. एकाच रुग्णाची ती लय दोन परीक्षकांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, असे अभ्यासांत दिसले आहे. परीक्षेत मी “लय जाणवते” असे लिहून उत्तीर्ण झालो, हे माझ्या प्रामाणिकपणातील एक छिद्र आहे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना, मग ते एम. डी.चे असोत वा डी. ओ.चे, मी डिरेक्टरी आणि केस देतो. डिरेक्टऱ्या आता मिळत नाहीत, म्हणून एक जुनी जपून ठेवली आहे. स्कॅनच्या काळात हाताचे काय काम, असे ते विचारतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी पोट किंचित ताठ लागते आहे, हे स्कॅनला कोणी पाठवले तरच स्कॅनला कळते.

काल संध्याकाळी शिक्षकखोलीत आमच्या शिवणाच्या बाई भेटल्या. कार्यानुभवाच्या तासाला त्या मुलांनाही धावदोरा, काज आणि गुंडी लावणे शिकवीत. आम्ही मुले लाजेने मागच्या बाकावर बसत असू आणि माझा रुमाल त्यांनी दोनदा उसवून परत दिला होता. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि दिसते अंधुक. मी पाया पडलो, नाव सांगितले, काय करतो ते सांगितले. एम. डी. की डी. ओ., हे त्यांनी विचारले नाही. माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी बोटांची टोके एकेक करून चाचपली आणि म्हणाल्या, “टाके जवळजवळ घालतोस ना रे आता? की अजून लांब लांबच?”

मी म्हणालो, “जवळ घालतो, बाई. पण फार जवळ घातले तर कडेचे रक्त तुटते.”

“हं,” बाई म्हणाल्या, “कापडाचेही तसेच असते.”